उल्का वर जात नाहीत

गुलबानूला वेडी म्हणणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगून टाकते. तोंडाने म्हटलं नाही, एवढंच. चौकशीला आलेले साहेब म्हणाले, "बाईचं डोकं फिरलंय," आणि माझी मान हलली. ती हललेली मान गुलबानूने पाहिली.

मी दुर्गा. पोफळबंदरच्या मंडळ कार्यालयात कारकून. मुरुडकडून येणारी एसटी जिथे वळून परत जाते, तिथे आमचं गाव संपतं आणि समुद्र सुरू होतो. सव्वीस वर्षं मी लोकांचे जबाब, पंचनामे, दाखले लिहिते आहे. माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, असतोच. कुणी फॉर्म अर्धवट भरून आणला की मी त्याला परत पाठवते. अक्षर चांगलं आणि चूक काढायला कुणाला जागा नाही, याचा मला भारी अभिमान होता. आता त्या अभिमानाचं काय लोणचं घालायचं?

आमची नारळ-सुपारीची वाडी आणि गुलबानूचं घर यांच्यामध्ये कमरेइतका दगडी गडगा आहे. त्या गडग्यावर आमची तीस वर्षं गेली. माझ्या माडाचा झाप, म्हणजे वाळलेली झावळी, तिच्या वाळत घातलेल्या बोंबलांवर पडला की भांडण. तिच्या मांजरीने माझ्या ओट्यावर घाण केली की भांडण. आणि संध्याकाळी परत त्याच गडग्याला टेकून दोघींची बडबड. ती मला दुर्गाताई म्हणायची, मी तिला नुसतं गुलबानू.

तिचा नवरा अब्दुस्समद दम्मामला गॅरेजमध्ये होता, एकोणीस वर्षं. दोन वर्षांतून दोन महिने घरी. गुलबानू म्हणायची, "आमचा संसार मोजला तर दीड वर्साचा भरंल, दुर्गाताई." हसत म्हणायची. मग एका सकाळी तिकडून फोन आला की तो झोपेतच गेला. मय्यत तिकडेच झाली. हिने तोंड पाहिलं नाही, मूठभर माती टाकली नाही. त्या दिवशी ती रडली नाही. अंगणातले बोंबील एकेक उलटत बसली, ऊन कलेपर्यंत.

तेव्हा अल्तमश चौदा वर्षांचा होता. पुढे त्याच्या मामाने दोनदा व्हिसा पाठवला आणि दोन्ही वेळा गुलबानूने त्याचा पासपोर्ट तांदळाच्या पिंपात खाली पुरून ठेवला. पोरगा घर उलटंपालटं करून शोधत राहिला, आणि ही त्याच पिंपातून तांदूळ काढून त्याला जेवायला घालत होती. "दर्यात गेला तर सांजेला दिसतो," ती मला म्हणाली. "तिकडं गेला तर फोनच येतो."

अल्तमशने लहानशी यांत्रिक होडी घेतली. सोबतीला कोळीवाड्यातला विनेश. दोघे चोवीस-पंचवीसचे. एक दिवस, फार तर दीड दिवस समुद्रात, मग परत. किनाऱ्यासमोर कावळखडक म्हणून एक काळा खडक आहे. होडी त्याच्या आतल्या अंगाला आली की अल्तमश बॅटरी तीनदा उघडमीट करायचा. गुलबानू गच्चीवर उभी असायची. बॅटरी दिसली की ती खाली उतरून भात टाकायची. पोरगा अंगणात पाय धुवेपर्यंत भात उतरलेला असायचा. बॅटरी दिसल्याशिवाय तांदूळ धुवायचे नाहीत, हा तिचा नेम होता. कुणाचा उपास असतो, कुणाचा नवस, तिचं हे होतं.

डिसेंबरातला तो मंगळवार. मगरिबची अजान होऊन गेली होती, पश्चिमेला अजून थोडी लाली होती. मी वाडीत पडलेले झाप ओढत होते. कावळखडकाच्या उजवीकडे, पाण्यापासून वर, एक लाल ठिणगी चढली. मी पाहिली. चढली, क्षणभर थांबली आणि मोठी झाली. आणि मी तोंड फिरवलं.

आता हे तोंड फिरवणं काय, ते सांगायला हवं, कारण सगळा घात त्यात आहे. आमच्याकडे तुटता तारा बघत नाहीत. दिसला तर मान फिरवायची आणि कुणाजवळ बोलायचं नाही. तारा तुटतो तेव्हा कुठेतरी कुणीतरी गेलेलं असतं, आणि बोललं तर ते मरण आपल्या उंबऱ्यावर येतं. माझ्या सासूने लग्नाच्या पहिल्या वर्षी माझी हनुवटी धरून मान वळवली होती. कोळीवाड्यात तेच. मुसलमान मोहल्ल्यातही तारा तुटला की तौबा म्हणतात आणि नजर खाली घालतात. बाकी कशात आमचं गावाचं एकमत नाही, नळाच्या पाण्यावरून डोकी फुटतात, पण यात आहे. त्या संध्याकाळी दोनदा लाल उजेड झाला आणि सगळ्या पोफळबंदरने दोनदा माना फिरवल्या. घरोघरी लोक गप्प जेवले. मीही.

गप्प बसले नाहीत ते लॉजमधले पाहुणे. त्यांच्यातल्या एकाने दुसरा उजेड खाली येताना मोबाइलवर टिपला, नऊ सेकंदांचा, आणि तो फिरवला. मग काय, दहा तोंडं, दहा गोष्टी. परग्रहावरचे, शत्रूचे ड्रोन, क्षेपणास्त्र. समुद्रातून एकदा संकट आलेलं असल्यामुळे आपल्याकडे किनाऱ्यावरच्या कुठल्याही उजेडाने वरची माणसं जागी होतात. रात्रीच हुकूम आला: चौकशी पूर्ण होईपर्यंत एकाही होडीने बाहेर जायचं नाही.

बुधवारी सकाळी आठला आमच्या कार्यालयात चौकशी बसली. नायब तहसीलदार अजेयसाहेब आले. वाईट माणूस नव्हे, हेही सांगते. तरुण, हुशार, दुपारपर्यंत अहवाल पाठवायचा म्हणून घामाघूम. एकोणीस जबाब झाले आणि सगळे मी लिहिले. प्रत्येकाचं तेच: उजेड दिसला, तारा तुटला असं वाटून मान फिरवली, पुढचं माहीत नाही. सातवा जबाब माझाच. "तारा तुटताना दिसला." मीच लिहिला, मीच सही केली. चढला की पडला, असं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तारा म्हटल्यावर तो पडणारच की. सव्वीस वर्षांच्या हाताने वाक्य आपोआप लिहिलं.

नऊ वाजता गुलबानू आली. रात्रभर ती होडीवाल्यांची दारं ठोठावत होती, पण बंदी मोडून कुणी होडी काढली नव्हती. ओढणी उलटीसुलटी, पायात दोन वेगळ्या चपला.

"साहेब, ती लाइट वर गेली," ती म्हणाली. "तारा वरून खाली येतो. ही पान्यातनं वर गेली, मंग खाली आली. मी गच्चीवर होते. तारा असता तर मी पण नजर खाली घातली असती. वर चालली म्हनून बघत राहिले."

"मग काय होतं ते?" साहेबांनी विचारलं.

"माझा पोरगा होता. मदतीचं रॉकेट हाय ते. त्याच्याकडं तीन हायत, एका ट्रॉलरवाल्याने दिलेली. मीच प्लास्टिकात गुंडाळून डब्यात घातली."

आमच्याकडच्या लहान होड्यांवर असलं काही नसतं. संकटात आकाशात सोडायची ती लाल ज्योत आमच्यापैकी कुणी कधी पेटलेली पाहिली नव्हती, एका शिबिरात तिचा फोटो दाखवला होता तेवढाच. साहेबांनी होडीचा नोंदणीचा कागद मागवला. साहित्याच्या यादीत रॉकेट नव्हतं. कागदावर नाही म्हणजे होडीवर नाही.

"होडी कधी यायची होती?"

"काल सांजेला."

"म्हणजे एक रात्र उशीर. इंजिन बंद पडलं असेल, दिघीला नाहीतर श्रीवर्धनला लागली असेल. येईल."

खरं सांगायचं तर यात काही चूक नव्हतं. होड्या दोन-दोन दिवस उशिरा येतात. पण गुलबानू हलेना. तिने टेबलाची कड धरली. "मी पैलं लाल बघितलं आनि मला वाटलं, पोरगा मस्करी करतो, बॅटरीला लाल कागद लावला. मी खाली जाऊन भात टाकला, साहेब. तांदूळ धुवत होते तवा दुसरी लाइट गेली. धा मिन्टं माझी भातात गेली. आता तुमी नका घालवू."

मग ती माझ्याकडे वळली. "दुर्गाताई, तुमी वाडीत होता. मला गच्चीवरनं दिसत होता. वर गेली ना ती?"

कागद माझ्यासमोर होता. सातवा जबाब, खाली माझी सही, शाई वाळलेली. मी म्हटलं, "मी तोंड फिरवलं गं. नीट नाही पाहिलं." अर्धं खरं होतं. अर्ध्या खऱ्याने माणूस जास्त फसतो.

"एकटी बाई म्हणते वर, अठरा-एकोणीस जण म्हणतात तारा," साहेब म्हणाले. "आणखी एकाने जरी वर म्हटलं असतं तर मी आत्ता फोन उचलला असता." हे त्यांनी माझ्यासमोर म्हटलं. मी पेनाला टोपण लावत होते.

तेवढ्यात त्यांनी ज्या तज्ज्ञांना ती नऊ सेकंदांची फीत पाठवली होती त्यांचा फोन आला. या दिवसांत दरवर्षी उल्कावर्षाव होतो, हे उजेड उल्का असू शकतात, फितीवरून याहून जास्त सांगता येत नाही. साहेबांनी अहवाल सांगायला घेतला. मी "उल्का असू शकतात" असं लिहिलं. ते म्हणाले, "असू शकतात काढा दुर्गाबाई, लोक घाबरतात." मी काढलं. "सदर प्रकाश हे उल्का आहेत." दुपारी बाराला अहवाल अलिबागला गेला, आणि समुद्रात जायची बंदी उठली. पण तेव्हा ओहोटी लागली होती. होड्या खाडीच्या चिखलात बसलेल्या, भरती रात्री साडेआठला. बंदी उठून उपयोग काय?

गुलबानू पायरीवर बसून होती. साहेब बाहेर पडताना ती उभी राहिली. "साहेब, दोन सोडली. एक राहिलंय. तो आज सोडंल, काळोख पडायच्या टायमाला, कारण तवाच दिसतं. मी त्याची आई हाय, मला ठाऊक हाय. आज बघा तरी."

तेव्हाच साहेब म्हणाले बाईचं डोकं फिरलंय, आणि माझी मान हलली.

दुपारी रिक्षाला भोंगा लावून दवंडी फिरली. मजकूर माझाच. "नागरिकांनी घाबरून जाऊ नये. काल दिसलेले प्रकाश हे उल्का आहेत. आजही उल्का दिसण्याची शक्यता आहे." शेवटचं वाक्य मी मनाने घातलं होतं. म्हटलं, लोकांची भीड चेपेल, पोरंबाळं चार गोष्टी शिकतील. उगाच हात दाखवून अवलक्षण.

सरकारने सांगितल्यावर भीती कशाची? ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या माना फिरवल्या, ते गाव संध्याकाळी समुद्रकाठच्या पुळणीवर लोटलं. लॉजवाले पाहुणे, शाळेची मुलं, भेळेची गाडी. गाड्यांचे दिवे समुद्राकडे तोंड करून. गुलबानू त्या गर्दीत एकेकाचा दंड धरून सांगत होती, "एक राहिलंय, त्याचं एक राहिलंय." लोक तिला हळूच बाजूला करत होते. मी मागे उभी राहिले. सकाळी आपण काय लिहिलं ते मला माहीत होतं आणि मी ते स्वतःला सांगत नव्हते.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी ते गेलं. कालच्यापेक्षा जवळ, कावळखडकाच्या पुष्कळ अलीकडे. पाण्यातून निघालं आणि वर, वर, सरळ वर. या वेळी मी मान फिरवली नाही. वर जाऊन ते फुललं आणि संथपणे खाली येऊ लागलं.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी मोबाइलचा दिवा लावून हलवला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. पुळणभर शेकडो दिवे हलत होते. गुलबानू पाण्यात कमरेपर्यंत गेली होती आणि ओरडत होती, पण त्या गलक्यात तिचं काही ऐकू येत नव्हतं.

मी साहेबांना शोधलं. ते मुलीला खांद्यावर घेऊन उभे होते. मी म्हटलं, "साहेब, वर गेलं. कालही वर गेलं होतं. मी पाहिलं होतं." त्यांनी मुलीला खाली उतरवलं. त्यांनी लगेच फोन लावले, त्यात कसूर केली नाही. कोळीवाड्यातली माणसं चिखलातून होड्या ढकलायला धावली, गुडघाभर रुतत. पाणी यायला साडेआठ वाजले ते वाजलेच. रात्रभर होड्या फिरल्या. पहाटे तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर आलं, आणि त्याला रिकाम्या प्लास्टिकच्या पिंपाला बांधून घेतलेला विनेश दिसला. तो जिवंत होता. तो एकटाच होता.

त्याचा जबाब घ्यायला मलाच दवाखान्यात पाठवलं. दुसरं होतं कोण? ओठ मिठाने फाटलेले, आवाज बसलेला. तो बोलला आणि मी लिहिलं. मंगळवारी दुपारी होडीत पाणी भरलं, ती उलटली. दोघे पिंप धरून तरंगत राहिले. सांजेला दोन रॉकेटं सोडली, कुणी आलं नाही. भरती-ओहोटीने ते आत-बाहेर होत राहिले. तिसरं अल्तमशने उराशी धरून ठेवलं, दुसऱ्या दिवसाच्या काळोखापर्यंत.

"काकी, तिसरं सोडलं आनि किनाऱ्यावर लाइटीच लाइटी झाल्या," विनेश म्हणाला. "शेकड्यानं. हलत व्हत्या. अल्तमश रडाया लागला. बोलला, बघ, वळखलं आपल्याला, हात दाखवतायत. आता होडी सुटंल. काळोखात त्यास्नी पिंप दिसनार न्हाय, तू हितं थांब, मी फुडं जाऊन त्यास्नी वाट दाखवतो. मी न्हाय बोललो. त्यानं त्याची दोरी पन मलाच बांधली. लाइटीकडं पोहत गेला."

मी ते सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलं. खाली त्याचा अंगठा घेतला, कारण त्याच्या बोटांना पेन धरवत नव्हतं. मग बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं.

अल्तमश सापडला नाही. आठ दिवस शोध झाला. बापाची माती तिकडे राहिली, पोराची कुठेच नाही.

पुरवणी चौकशी झाली. तिचा निष्कर्ष सांगते, ऐका. बुधवारचा प्रकाश होडीवरील संकटसंकेत होता, असं मान्य. मंगळवारचे दोन मात्र उल्काच, कारण तो अहवाल वर स्वीकारला गेला होता आणि त्यात एकोणीस जबाब होते. मी अर्ज केला की सातवा जबाब चुकला आहे, मी प्रकाश वर जाताना पाहिला होता, दुरुस्ती व्हावी. महिन्याने उत्तर आलं: प्रकरण निकाली काढण्यात आले आहे. माझ्यासारखीच कुणीतरी बाई असेल तिकडे, अक्षर चांगलं होतं.

ते उत्तर हातात घेऊन मी गडग्यापाशी गेले. चाळीस दिवस मी तिकडची बाजू टाळत होते. माडाचा झाप तिच्या अंगणात पडला होता आणि ती भांडायला आली नव्हती. गुलबानू ओट्यावर तांदूळ निवडत होती. गावात तिच्याबद्दल आता सगळे हळहळत होते, तरी मंगळवारचं ती काही बोलली की एकमेकांकडे बघत होते. सरकारी कागदावर उल्का होत्या ना.

"गुलबानू," मी म्हटलं. "मंगळवारी मी पाहिली होती. वर गेली ती. तू विचारलंस तेव्हाही मला माहीत होतं."

तिने हातातला खडा बाजूला ठेवला.

"मंग मी येडी नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"सकाळी नऊ वाजता विचारलं होतं तुमाला. नऊ वाजता पोरगा जित्ता होता."

मी गडगा धरून उभी राहिले. माफी मागायला आले होते, पण तो शब्द तोंडातून निघायला लाजला. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या, थोडं बरं वाटलं असतं. तिने दिल्या नाहीत.

मशिदीतून अजान सुरू झाली. ती उठली, सूप आत नेऊन ठेवलं. मग दारातून म्हणाली, "घरी जावा दुर्गाताई. तुमच्याकडं बघितलं की मला ती घड्याळातले नऊ दिसतात. पुन्हा या गडग्याशी येऊ नका."

ती गच्चीवर चढली आणि कावळखडकाकडे तोंड करून उभी राहिली. मी वाडीतून घराकडे आले. तिच्या चुलीवर पातेलं रिकामं असणार. त्या मंगळवारापासून तिने संध्याकाळचा भात टाकलेला नाही.